मोहरीवरची बुरशी आणि सकाळचं दव

जानेवारीत राजस्थानातल्या भरतपूर-अलवर पट्ट्यात नजर पोहोचेल तिथवर मोहरीचं पिवळं रान असतं. त्या पिवळ्यात मधूनच एखादं झाड अवेळी वाळून पांढुरकं पडलेलं दिसतं. ते झाड उपटावं आणि जमिनीपासून वीतभर वर खोड नखानं उभं चिरावं. आत पिंजलेल्या कापसासारखी बुरशी निघते, आणि त्या कापसात अडकलेले उंदराच्या लेंड्यांसारखे काळे, टणक दाणे. मी पहिल्यांदा असं खोड चिरलं तेव्हा एकाच झाडातून चमचाभर दाणे तळहातावर पडले होते. कापणीच्या वेळी हे दाणे रानात सांडतात आणि चार-पाच वर्षं तिथे जिवंत पडून राहतात.

सेंद्रिय शेतीकडे वळलेला शेतकरी बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, "रासायनिक बुरशीनाशक बंद केलं, आता त्याच्या जागी काय फवारू?" तळहातावरच्या त्या दाण्यांकडे पाहिलं की कळतं, त्या झाडासाठी फवारायची वेळ कधीच निघून गेली आहे. म्हणून मला वाटतं, आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हा रोग उन्हाळ्यात कुठे राहतो? आणि हिवाळ्यात बाहेर पडायला त्याला काय लागतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: पाणी. पानावरचं दव, जमिनीची ओल, दाट पिकात कोंडलेली दमट हवा.

देशातली जवळपास निम्मी मोहरी एकट्या राजस्थानात पिकते आणि भरतपूरजवळच्या सेवर इथे १९९३ पासून या पिकावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्थाही आहे. त्यामुळे इथे दिलेल्या तारखा त्याच पट्ट्याच्या आहेत. आपल्याकडे पेरणी आणि थंडी वेगळी, तेव्हा तारखेपेक्षा पिकाची अवस्था धरून चालावं.

आधी रोग ओळखा

मोहरीवर मुख्यतः पाच रोग येतात. पानावर गोल तपकिरी-काळे ठिपके आणि ठिपक्यात एकात एक वर्तुळं, म्हणजे करपा. पानाच्या खालच्या बाजूला चुन्याचे थेंब उडाल्यासारखे पांढरे फोड, म्हणजे पांढरा तांबेरा. पानाच्या खाली करडी-पांढरी विरळ लव आणि वर पिवळट डाग, म्हणजे केवडा. खोडात कापूस आणि काळे दाणे, म्हणजे खोडकुज. आणि हंगामाच्या शेवटी पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड, म्हणजे भुरी.

सगळ्यात जास्त चूक होते ती काळ्या रंगामुळे. मावा ही रस शोषणारी बारीक कीड चिकट गोड रस सोडते, त्या रसावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. लोक तिला करपा समजून फवारणी करतात. ओलं बोट फिरवून पाहा. काजळी बोटाला लागते, करप्याचा डाग पुसला जात नाही. काजळी असेल तर माव्याचा बंदोबस्त करा, निंबोळी अर्क तिथे कामाला येतो.

खोडकुज: पाकळीवाटे शिरणारा रोग

या रोगाचं वागणं नीट समजलं की अर्धा उपाय हातात येतो.

स्क्लेरोटिनिया नावाच्या बुरशीचे ते काळे दाणे मातीत निपचित पडलेले असतात. हिवाळ्यात पीक दाटलं, खाली सावली झाली, माती सलग काही दिवस ओली राहिली की वरच्या थरातले दाणे अंकुरतात. बारीक देठावर मसुराच्या दाण्याएवढ्या फिकट तपकिरी वाट्या उगवतात. वाकून पाहिलं तर त्या डोळ्यांनी दिसतात. या वाट्यांमधून अगणित बीजाणू हवेत उडतात.

पण हे बीजाणू मोहरीच्या धडधाकट हिरव्या खोडात सहसा थेट शिरू शकत नाहीत. त्यांना आधी काहीतरी मेलेलं खायला लागतं, आणि ते पुरवतात गळून पडलेल्या पिवळ्या पाकळ्या. पाकळी गळते, पानाच्या बेचक्यात ओलाव्यानं चिकटते, त्यावर बीजाणू रुजतो, पाकळी खाऊन जोर धरतो आणि मग तिथून खोडात उतरतो. म्हणजे धोक्याचे दिवस ठरलेले आहेत: पीक पूर्ण फुलावर असताना आणि पाकळ्या गळत असताना जमीन ओली असेल तेव्हाचे.

म्हणून माझ्या मते या रोगावरचं सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे पाण्याची पाळी. मोहरीला दोन पाणी पुरतात. पहिलं पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी, फुलं यायच्या आधी. दुसरं शेंगा भरताना. भरतपूरकडे साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे भर फुलोऱ्यात आणि धुक्यात, पाणी टाळायला सांगतात ते याचसाठी. शेजाऱ्यानं मोटर चालू केली म्हणून आपणही पाणी सोडायचं, ही सवय या तीन आठवड्यांत महागात पडते.

इथे एक खरी अडचण आहे. याच दिवसांत काही रात्री दव गोठतं आणि पीक भाजल्यासारखं होतं. तिकडे त्याला ‘पाला पडला’ म्हणतात, आणि त्यापासून वाचायला हलकं पाणी देणं हा जुना, योग्य उपाय आहे. मग करायचं काय? गोठणारी थंडी एका रात्रीत पीक नेते, खोडकुज तेवढी घाई करत नाही. त्यामुळे हवामान खात्याचा स्पष्ट इशारा असेल तर हलकं पाणी द्यावंच. ज्या रानात मागे काळे दाणे सापडलेत तिथे मात्र आधी बांधावर ओल्या काडीकचऱ्याचा धूर करून पाहावा. इशारा नसताना केवळ धास्तीनं दिलेलं पाणी, तेवढं टाळायचं.

मातीतल्या दाण्यांचं काय? ते वरच्या दोन-अडीच इंचांत असतील तरच त्यांच्या वाट्या बाहेर येतात. मे महिन्यात एक खोल नांगरट केली तर बरेचसे दाणे खाली गाडले जातात, काही कडक उन्हात तापून मरतात. पण पुढच्या वर्षी पुन्हा खोल नांगरलं तर गाडलेले दाणेच वर येतात. म्हणून एकदा खोल नांगरा आणि पुढची दोन-तीन वर्षं वरवरच्या मशागतीवर भागवा.

पिकांच्या फेरपालटीतही असाच चकवा आहे. मोहरीनंतर हरभरा घेतला की फेरपालट झाली असं वाटतं. या बुरशीला मात्र हरभराही चालतो, मसूर, वाटाणा, बटाटा, सूर्यफूलही चालतं. शेकडो जातींच्या वनस्पतींवर ती जगते, बांधावरचा चाकवतसुद्धा तिला पुरतो. तिची उपासमार होते ती गवताच्या कुळातल्या पिकांत: गहू, जव, बाजरी, मका. मागे रोग आलेल्या रानात दोन-तीन रब्बी हंगाम गहू किंवा जव घेणं हाच खरा फेरपालट.

आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत धानानंतर मोहरी घेणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. पाण्याखाली महिनाभर राहिलेल्या चिखलात हे काळे दाणे कुजून जातात. धानाची बांधी आपोआप ते काम करते.

पांढरा तांबेरा: दवात पोहणारा

नाव तांबेरा असलं तरी गव्हावरच्या तांबेऱ्याशी याचं नातं नाही. काटेकोरपणे पाहिलं तर ही बुरशीही नाही. पांढरा तांबेरा आणि केवडा हे दोघेही पाण्यातल्या शेवाळांना जवळच्या अशा एका वेगळ्याच कुळातले. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बसवणारा रोग याच कुळातला, आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारा डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा, हाही याच कुळातला.

कूळ कळलं की उपाय कळतो, म्हणून एवढं सांगितलं. पांढऱ्या फोडातून उडालेली पूड पानावर पडते आणि थंड दव मिळालं की प्रत्येक कणातून बारीक पोहणारे बीजाणू बाहेर येतात. त्यांना अक्षरशः शेपट्या असतात. पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात ते पोहत जातात, जागा सापडली की शेपटी टाकून रुजतात. १२ ते १८ अंशांची थंडी आणि सकाळी उशिरापर्यंत न सुकणारं पान, एवढं त्यांना पुरे. पान कोरडं असेल तर हा रोग पाऊलभरही पुढे सरकत नाही.

मग पान लवकर सुकेल यासाठी काय करता येतं? पहिली गोष्ट विरळणी. एकरी साधारण दोन किलो बी लागतं आणि एका किलोत दोन लाखांच्या आसपास दाणे असतात, त्यामुळे पेर दाटच होते. पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करून दोन झाडांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. उगवलेलं रोप उपटताना जीवावर येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण दाट ठेवलेलं पीक जानेवारीत दुपारपर्यंत ओलं राहतं. दुसरी गोष्ट तुषार सिंचन. राजस्थानात फवारे सर्रास चालतात. ते संध्याकाळी लावले तर आपणच रात्रभराचं दव तयार करून ठेवतो. ऊन चढल्यावर लावावेत, म्हणजे सूर्य मावळायच्या आत पानं कोरडी होतात. तिसरी, कच्चं शेणखत आणि नत्राचा मारा टाळणं. पीक काळंभोर, रसरशीत दिसतं खरं, पण कोवळं आणि दाट पीक रोगाला सोपं पडतं.

या रोगाची दुसरी खूण फुलोऱ्यात दिसते. शेंडा सुजतो, वाकडातिकडा होतो, हरणाच्या शिंगासारखा दिसतो, त्याला शेंगा धरत नाहीत. या सुजलेल्या शेंड्यात जाड कवचाचे बीजाणू साठलेले असतात, पुढच्या हंगामाची बेगमी म्हणून. शेंडा वाळून फुटला की ते मातीत आणि मळणीच्या वेळी बियाण्यात मिसळतात. म्हणून शेंडे हिरवे असतानाच पिशवी घेऊन रानात फिरावं, कापून पिशवीत टाकावेत आणि जाळावेत किंवा खोल पुरावेत. उकिरड्यावर टाकू नयेत, तिथून शेणखताबरोबर ते परत रानात येतील. एकरभर रान फिरायला एक सकाळ जाते. सेंद्रिय शेतकऱ्याला या रोगावर याहून भरवशाचं काम दुसरं नाही, असं मी म्हणेन.

वाणाचाही आधार मिळतो. मध्य प्रदेशात निघालेलं जवाहर मस्टर्ड १ पांढऱ्या तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून ओळखलं जातं. करप्याला आणि खोडकुजीला अजिबात दाद न देणारा वाण मात्र अजून मोहरीत नाही. तसा दावा कुणी केला तर सावध राहावं.

तांब्याची औषधं, म्हणजे बोर्डो मिश्रण वगैरे, या कुळावर चालतात. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षाच्या केवड्यासाठीच बोर्डो मिश्रण पुढे आलं. सेंद्रिय प्रमाणीकरणात त्याला मर्यादित परवानगी असते, पण प्रमाणीकरण संस्थेला आधी विचारावं लागतं. तांबं हा धातू आहे, मातीत विरत नाही, वर्षानुवर्षं साठत जातो आणि गांडुळांना त्रास देतो. युरोपात सेंद्रिय शेतीलाही सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. शिवाय तांबं रोग शिरण्याआधी पानावर असेल तरच उपयोगाचं, शिरलेला रोग त्यानं मागे हटत नाही. मोहरीसारख्या पिकात मी तरी त्याच्याकडे शेवटचा पर्याय म्हणूनच पाहीन.

करपा आणि लसूण

करपा खालच्या पानांवरून सुरू होतो, वर चढतो आणि शेवटी शेंगांवर येतो. खरं नुकसान शेंगेवरच्या डागांनी होतं. दाणा सुरकुततो, वजन घटतं, तेल कमी निघतं. वाईट वर्षी जवळजवळ निम्म्या उत्पन्नाला चाट बसल्याची उदाहरणं आहेत.

इथे पेरणीच्या तारखेला मोठं महत्त्व आहे. ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास पेरलेल्या पिकाच्या शेंगा रोगाचा जोर यायच्या आत बऱ्याच भरतात. नोव्हेंबरात पेरलेल्या पिकाच्या कोवळ्या शेंगा नेमक्या रोगाच्या आणि माव्याच्या तोंडी सापडतात. रान रिकामं व्हायला उशीर होत असेल तर आधीचं पीक लवकर येणारं निवडावं.

पालाशही करप्याला आवर घालतं, म्हणून चुलीची राख शेणखतात मिसळून देण्याची जुनी पद्धत शहाणपणाची आहे. आणि हो, शेजारी फ्लॉवर, कोबी किंवा मुळा असेल तर करप्याची ये-जा दोन्हीकडून चालते. आपल्याकडे कोबीत सापळा पीक म्हणून मोहरी लावतात, तिथे मोहरीची करपलेली पानं वेळेवर काढून टाकावीत.

फवारणीत करप्यावर ज्याचा शास्त्रीय चाचण्यांत उपयोग दिसला आहे, ते औषध स्वयंपाकघरातलं आहे: लसूण. प्रमाण १ टक्का, म्हणजे लिटरभर पाण्याला १० ग्रॅम लसूण. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर दोन किलो लसूण सोलून, बारीक वाटून, थोड्या पाण्यात कालवून फडक्यानं दोनदा गाळायचा आणि मग बाकीचं पाणी मिसळायचं. नीट गाळला नाही तर नोझल तुंबतं. पेरणीनंतर साधारण ५० आणि ७० दिवसांनी फवारणी, दोन्ही वेळा पानांच्या खालच्या बाजूलाही. पेरणीआधी याच तीव्रतेच्या अर्कानं बी ओलसर करून सावलीत वाळवतात.

अर्क त्याच दिवशी वापरायचा, याला कारण आहे. सोललेल्या अखंड पाकळीला फारसा वास येत नाही. तिच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की ते एकत्र येतात आणि अॅलिसिन नावाचं उग्र द्रव्य तयार होतं. बुरशीला मारणारं ते हेच, आणि ते टिकाऊ नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने बाटलीत ठेवलेल्या अर्कावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मोहरीचंही अगदी असंच आहे. लोणच्यासाठी पाणी घालून मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, तोही दाणा फुटल्यावरच तयार होतो. तो झणका बुरशीला घातक असतो. म्हणूनच मोहरीचं हिरवं पीक जमिनीत गाडून दुसऱ्या पिकांचे मातीतले रोग कमी करण्याची पद्धत जगभर आहे. मग मोहरी स्वतः आजारी का पडते? कारण तिच्यावर जगणाऱ्या रोगांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या झणक्याची सवय करून घेतली आहे. तेव्हा मोहरीचं रोगट काड मोहरीच्याच रानात गाडू नका.

ट्रायकोडर्मा कधी, कसा

ट्रायकोडर्मा ही बुरशी खाणारी बुरशी. शत्रूच्या धाग्याभोवती ती वेटोळे घालते, त्याची भिंत विरघळवते आणि आतलं खाते. खोडकुजीच्या काळ्या दाण्यांवरही ती वाढते. पण तिला ऊब लागते, २५ ते ३० अंश. जानेवारीच्या गारठ्यात ती सुस्त असते. म्हणून तिचं काम ऑक्टोबरात, पेरणीच्या आधी उरकायचं.

एकरी एक किलो ट्रायकोडर्मा, शंभरेक किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावा. ढीग सावलीत ठेवावा, वर ओलं पोतं टाकावं, अधूनमधून उलटावा. दहा-पंधरा दिवसांत ढिगावर आधी पांढरी आणि मग हिरवी झाक आली की समजावं, जिवंत आहे. नुसतं शेणच राहिलं तर पुडी मेलेली होती. मग संध्याकाळी ओल असलेल्या रानात पसरून मिसळावा. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम लावतात.

एक चूक टाळा. लसणाचा अर्क आणि ट्रायकोडर्मा एकाच बियाण्याला लावू नका. लसणाला आपली बुरशी आणि परकी बुरशी कळत नाही. बियाण्याला एक निवडा. मी खोडकुज आलेल्या रानात ट्रायकोडर्मा घेईन, करपा जास्त येणाऱ्या रानात लसूण.

जीवामृत, दशपर्णी अर्क यांबद्दल रोज विचारलं जातं. जीवामृत मातीसाठी जरूर वापरा, पण पांढऱ्या तांबेऱ्यावरचं औषध म्हणून त्यावर विसंबून राहू नका. आणि मायकोरायझाच्या पुड्या मोहरीसाठी मुळीच घेऊ नका. मोहरी-कोबीच्या कुळातल्या मुळांशी ती बुरशी नातंच जोडत नाही. गव्हात, कांद्यात तिचा उपयोग होतो, मोहरीत ते पैसे मातीत जातात.

भुरीबद्दल थोडक्यात. दिवस उबदार आणि कोरडे होऊ लागले की ती येते, त्यामुळे गुजरातेत आणि आपल्याकडे तिचा त्रास जास्त. पीक वेळेवर पेरलेलं असेल तर ती बहुधा उशिराच गाठते. गंधक तिच्यावर चालतं आणि सेंद्रियात नियमानुसार वापरता येतं. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन खाली आल्यावर.

सलग धुकं, ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस अशा वर्षी हे सगळं करूनही करपा शेंगांवर येईल, आणि थोडंफार नुकसान होईल. लसणाची ताकद रासायनिक औषधाइतकी नाही, हे कबूल करूनच या वाटेला लागावं. पण अशाही वर्षी पुढच्या हंगामाची तयारी हातात असते.

फेब्रुवारीत शेंगा पिवळ्या पडू लागल्या की रानातला सगळ्यात निरोगी तुकडा शोधा आणि चारही कोपऱ्यांना काठीला रंगीत चिंध्या बांधा. पोसलेल्या, डाग नसलेल्या शेंगांची झाडं तेवढीच आधी कापा, वेगळी वाळवा, वेगळ्या ताडपत्रीवर झोडपा. मग बारीक चाळणीनं चाळा. मोहरीचा दाणा गोल असतो, खोडकुजीचा काळा दाणा वेडावाकडा आणि बहुधा मोठा, तो चाळणीवर मागे राहतो. जो राहत नाही तो सुपात पाखडताना निघतो. चाळणीवर उरलेला कचरा रानाच्या बांधावर फेकू नका, चुलीत घाला.